तुर्रेरावाच्या आत

घोडा खोटा निघाला आणि सांगलीच्या शेठजींनी भर लिलावाच्या मांडवात शलाका गुरवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तसा घोडा चांगला खरा होता. गंमतगडच्या गोल पाळण्यावरचा, पांढरा, सोनेरी आयाळीचा, एक कान उडालेला. खोटी होती ती त्याची कीर्ती. एका गाजलेल्या गाण्यात नायिका याच घोड्यावर बसून फिरली, असं सगळं कोल्हापूर वर्षानुवर्षं सांगत आलं होतं आणि त्या भरवशावर शेठजींनी घोडा दिवाणखान्यात कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. शलाकाच्या यंत्रानं त्या वर्षीचा थर वाचला. त्यात शेकडो पोरं सापडली, त्यांच्या घामेजल्या आया सापडल्या, चिक्कीचा गूळ सापडला. नायिका काही सापडली नाही.

"अहो, एवढ्या पोरांच्या गर्दीत ती एक बाई कशी घावंल?" शेठजी म्हणाले.

"पोरं सापडली तशी तीही सापडली असती. शेजारच्या घोड्यावर बसली असेल. नाहीतर बसलीच नसेल."

"तुमाला काय माणुसकी हाय का न्हाई?"

"यंत्र खोटं बोलत नाही, शेठजी. विकणारे बोलतात," असं म्हणून शलाकानं हातमोजे काढून टोपलीत टाकले. हे वाक्य ती दिवसातून चार-पाचदा तरी म्हणे आणि प्रत्येक वेळी तिला आपण बोटभर उंच झाल्यासारखं वाटे.

पन्हाळ्याच्या रस्त्याला एके काळी गंमतगड नावाचं मोठं उद्यान होतं. बुरुजावरून पाण्यात घसरणाऱ्या होड्या, आरशांचा महाल, भुयारातून जाणारी आगगाडी, आणि दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक पोराला वाकून मुजरा करणारा तुर्रेराव. तुर्रेराव म्हणजे हत्ती. कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं, कापडी सोंड, सुपाएवढे कापडी कान, डोक्याला गुलाबी फेटा आणि फेट्याला हातभर तुरा. आत अर्थातच माणूस. त्या माणसानं बोलायचं नाही, लोकांसमोर डोकं काढायचं नाही, आणि आत कोण आहे हे कुणी बाहेर सांगायचं नाही, असा गडाचा कडक नियम होता. पुढे गडाचे दिवस फिरले, दाराला कुलूप लागलं आणि सगळं सामान पंचवीस वर्षं झाकणाखाली पडून राहिलं. आता त्या जागेवर बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहणार होता. म्हणून पुण्याच्या एका लिलाव कंपनीनं गडाच्याच जुन्या भोजनालयात मांडव घालून विक्री काढली होती आणि देशभरातले संग्राहक तिथे जमले होते. संग्राहक ही जमात अशी, की गंजलेल्या तिकीट-खिडकीपुढे हात जोडून उभी राहील, पण शेजारच्या माणसाला बसायला जागा देणार नाही.

शलाका त्या कंपनीची वाचक. तिच्या यंत्राचं नाव थरवाचक.

माणूस ज्या वस्तूला हात लावतो तिच्यावर आपलं काहीतरी सोडून जातो. घाम, कातडीचे कण, थुंकीचा शिंतोडा. या प्रत्येकात त्याचा डीएनए असतो. उघड्यावर राहिला तर ऊन-पाण्यानं तो लवकरच नासतो. पण त्यावर चंद्रूसच्या रोगणाचा किंवा लाखेचा हात फिरला, की हवा-पाणी बंद होतं आणि तो मधात पडलेल्या मुंगीसारखा जिथल्या तिथे राहतो. थरवाचक त्या चंद्रूसचा केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा सोलतो, द्रावणात विरघळवतो, त्यातले डीएनएचे तुकडे जुळवतो आणि सांगतो, इथे अमक्या माणसाचा हात फिरला होता. असं करत करत यंत्र वरच्या, म्हणजे सर्वांत नव्या थरापासून खालच्या, सर्वांत जुन्या थरापर्यंत उतरतं.

गंमतगड म्हणजे या यंत्राला मेजवानीच होती. कारण गडावरची खंडेनवमी. त्या दिवशी प्रत्येक पाळण्याची, प्रत्येक गाडीची, तुर्रेरावाच्या डोक्याचीसुद्धा पूजा होई. आतून-बाहेरून हळदकुंकू लागे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळ्या सामानाला चंद्रूसचा वर्षाचा हात द्यायचा. कुठलाही रंगारी आधी घासूनपुसून घेईल. गडावरची माणसं मात्र हटून बसत: पूजेचं पुसायचं नाही. मग हळदकुंकवावरूनच चंद्रूस फिरे. कामाच्या दृष्टीनं हा शुद्ध गाढवपणा, पण त्यामुळे प्रत्येक वर्षाच्या थरावर पिवळी-तांबडी रेघ बसली होती आणि शलाकाला वर्षं बोटांवर मोजता येत होती.

थरवाचक आल्यापासून जगात दोन तऱ्हेची माणसं झाली होती, पुसणारी आणि जपणारी. पुसणारे दाराच्या कड्या, खुर्च्यांचे हात, जुन्या गाड्यांची चाकं रोज औषधानं पुसत. उद्या कोण काय वाचेल काय सांगावं! जपणारे बाळाच्या पाळण्याला, आजोबांच्या काठीला चंद्रूस लावून ठेवत. एका नामवंत फलंदाजाची बॅट त्याच्या आतेभावानंच जास्त चालवली होती, हे शलाकानंच सिद्ध केलं होतं. त्या दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. शलाकाला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. खरं ते खरं, असं ती म्हणे. दुसऱ्याच्या घरातलं खरं पचायला सोपं असतं.

दुपारी कंपनीचे प्रमुख मिसाळ सर तिच्या टेबलाशी आले. त्यांच्यामागून दोन हमालांनी तुर्रेराव आणला.

"वाचायचा ना?" मिसाळ म्हणाले.

"सर, नातलगाची वस्तू वाचायची नाही, असा आपला नियम आहे."

"दुसरा वाचक चेन्नईला अडकलाय आणि उद्या विक्री. शिवाय यात वाचायचं काय राहिलंय? आत तुझे वडील होते हे आता अख्ख्या गावाला माहीत आहे. तू फक्त शिक्का मार."

तेही खरंच होतं. गड बंद झाल्यावर नियमही संपला आणि रंगराव गुरव म्हणजेच तुर्रेराव हे हळूहळू गावभर झालं. आता एकोणऐंशीव्या वर्षी रंगराव भाजी आणायला निघाले, की चाळिशीतली माणसं भर रस्त्यात वाकून त्यांना मुजरा करत. पुण्याचा अद्वैत शेटे गडाचं जवळजवळ सगळं सामान विकत घेऊन तिकडे खेळघर नावाचं संग्रहालय उभं करत होता. तुर्रेराव त्याला कोणत्याही बोलीवर हवाच होता आणि त्याच मांडवात रंगरावांचा सत्कारही करायचा होता. प्रत्येक वस्तूचं वाचन वाचकानं उभं राहून मोठ्यानं जाहीर करायचं, हा कंपनीचा रिवाज. म्हणजे उद्या शलाकानं भरल्या मांडवात आपल्या बापाचं नाव घ्यायचं होतं. या कल्पनेनं तिचा ऊर आठवडाभर आधीच भरून आला होता.

तिला हे गुपित पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. आईनंच एका संध्याकाळी कानात सांगितलं होतं, "तुर्रेराव म्हंजे तुझा आप्पा बरं का. कुणाला बोलायचं न्हाई." त्यानंतरचे सगळे रविवार सोन्याचे झाले. शेकडो पोरांतून तुर्रेराव तिला बरोबर हुडकून काढी, सोंड तिच्या गळ्यात टाकी, कापडी कान पांघरुणासारखा तिच्या डोक्यावरून घेई, आणि त्या अंधारात नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणे. तेवढं सुख तिला पुढे कुठेच मिळालं नाही, नवऱ्याच्या घरीही नाही. आप्पा घरी मात्र अबोल असत. दमत असतील, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आई गडाच्या शिवणखोलीत पोशाख शिवायला होती. संध्याकाळी घरी येई ती पाय ओढत, दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपून जाई. जवळ घेणं नाही, गोष्ट नाही. सतरा वर्षांची असताना शलाका तिच्याशी कडाकडा भांडली होती. "तू कधी जवळ घेतलंयस मला? आप्पा घ्यायचे!" आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "व्हय बाई, तुझा आप्पा लई मायाळू," एवढंच म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारातही शलाका उशाशी बसे ती आप्पांचा हात धरून.

तिनं नवे हातमोजे चढवले, तोंडाला जाळी बांधली आणि यंत्राचा दांडा डोक्याच्या आत, जिथे कपाळ टेकून टेकून खळगा पडला होता तिथे नेऊन ठेवला. आप्पांच्या थुंकीचा नमुना तिनं आधीच यंत्राला दिला होता. वाचकाचा स्वतःचा डीएनए यंत्रात कायमचा भरलेला असतो, कारण वाचक शिंकला-खोकला तरी त्याचे कण वस्तूवर उडतात आणि ते हिशेबातून वगळावे लागतात.

पडद्यावर अक्षरं उमटली. *स्त्री. वाचकाशी निम्मा मेळ. वाचकाचा संसर्ग संभवतो.*

"अरे देवा," शलाका पुटपुटली. जाळी सैल राहिली असेल. तिनं जाळी बदलली, मोजे बदलले, दांडा धुतला, खळग्यातली दुसरी जागा धरली. यंत्र घरघरलं. *स्त्री. वाचकाशी निम्मा मेळ. वाचकाचा संसर्ग संभवतो.*

तिसऱ्यांदा तिनं हळदीची रेघ ओलांडून खालचा थर घेतला. तिथे तिचा श्वास पोचणं शक्यच नव्हतं, तो थर तिच्या शाळेच्या दिवसांत बंद झालेला. अक्षरं तीच आली.

मग तिच्या ध्यानात आलं. संसर्ग असता तर मेळ पुरा आला असता. निम्मा मेळ म्हणजे आई, सख्खी बहीण किंवा पोटची मुलगी. बहीण तिला नव्हती, मूलही नव्हतं. तिनं मायटोकॉन्ड्रियाची साखळी उघडली. पेशीतला हा ऐवज माणसाला फक्त आईकडून मिळतो, बापाचा त्यात काडीचा वाटा नसतो. साखळी तिच्या साखळीशी अक्षराला अक्षर जुळत होती.

ती रेघेमागून रेघ खाली उतरत गेली. ती सहावीत होती तेव्हाचा थर, आई. ती दुसरीत होती, आई. पाचवं वर्ष लागलं, गुपित कळलं, आई. बारा थर खाली गेल्यावर कुठे यंत्रानं पहिल्यांदा *पुरुष, नमुन्याशी पुरा मेळ* असं म्हटलं. तेव्हा शलाका जेमतेम चालायला लागली होती.

म्हणजे तो कान, ती सोंड, ती गुणगुण. शलाकाला एकदम उठून कुणाला तरी मारावंसं वाटलं आणि कुणाला ते कळेना. ती भोजनालयाच्या मागच्या दारानं बाहेर पडली, होड्यांच्या कोरड्या तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, परत आली, पुन्हा बाहेर गेली. "बाई, काय हरवलंय का?" एका हमालानं विचारलं.

संध्याकाळी उत्तरेश्वर पेठेतल्या घरी आप्पा खिडकीशी बसून उद्याच्या कोटाला गुंडी लावत होते. सुईत दोरा त्यांनी चष्म्याशिवाय, एका फटक्यात ओवला. शलाका उंबऱ्यातच उभी राहून ते बघत राहिली. आई गेल्यावर आप्पा शिवायला शिकले, असं ती लोकांना कौतुकानं सांगत असे. आज मात्र तिला तो हात नऊ वर्षांत बसलेला वाटेना.

"आप्पा, शिवायला कधी शिकलात?"

"तुझी आई गेल्यावर. मग कोण शिवणार?"

"खोटं."

आप्पांनी दोरा दातानं तोडला. कोट घडी करून मांडीवर ठेवला. "किती थर वाचलेस?"

"सगळे."

"मग मला कशाला इचारतीस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय म्हणून!" तिचा आवाज चढला. शेजारच्या खिडकीतला टीव्ही बारीक झाला.

आप्पांनी सुई कोटाच्या अस्तरात खोचून ठेवली. मग एकेक शब्द मोजून द्यावा तसे बोलले. "तू दोन-तीन वर्षांची असशील. चौथऱ्यावर नाचताना पडलो मी. कानातला तोल बिघडला. डोकं चढवलं की सगळं गरगर फिरायचं. मालकाला कळलं असतं तर दुसरा माणूस आणला असता. मालन म्हणाली, मी घालते, तुमी दार लावून माझं शिवणाचं बघा. चार दिवसांपुरतं म्हणून घातलं, ते गड बंद पडूपर्यंत उतरलं न्हाई."

"आणि मला? मला का फसवलंत?"

"तू मला भ्यायचीस."

शलाकानं चपला काढल्या आणि ती आत येऊन बसली.

"पडल्यापास्नं डोकं भणभणायचं माझं. मी खेकसायचो. मी घरात आलो की तू पलंगाखाली जायचीस. मालन म्हणाली, पोरीला सांगते तुर्रेराव म्हंजे आप्पा. मी म्हटलं, खोटं कशाला बोलतीस? ती म्हणाली, बघा तर खरं." आप्पांनी कोटाची घडी उगाच पुन्हा मोडली. "दुसऱ्या दिवशी तू गडावरनं आलीस ती थेट माझ्या मांडीवर येऊन बसलीस. तवापास्नं पलंगाखाली गेली न्हाईस. आता ते मोडायचं कुणी? मी लई बारीला म्हटलं, सांगूया पोरीला. तर म्हणाली, तिला बाप मिळालाय, राहू दे."

"आणि तिला काय मिळालं?"

आप्पांनी कोट उचलून खुंटीला टांगला.

"उद्या तो शेटे तुमचा सत्कार करणार," शलाका म्हणाली. "मी काय वाचू?"

"आतलं भाईर सांगायचं न्हाई, अशी शपथ हाय गडावरची." मग मान खाली घालून, जवळजवळ लाजल्यासारखं म्हणाले, "आणि खरं सांगू का? रस्त्यानं लोक मुजरा करत्यात, शलाका. दुसरं काय हाय माझ्याजवळ?"

शलाकाला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी कीवही आली. इतरांच्या घरात खरं टाकून ती हात झटकत आली होती, आणि स्वतःच्या घरात ते टाकायला तिचा हात उचलत नव्हता. तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं: सर्वांत जुने, तळाचे सहाच थर जाहीर करायचे. ते आप्पांचेच होते, त्यात अक्षराचंही खोटं नव्हतं. उरलेल्यांबद्दल मुळी बोलायचंच नाही.

हे ठरलं, पण तिला स्वस्थता काही लाभली नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. आप्पा कोट घालून, गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारी अद्वैत शेटे, अडतीस-चाळीसचा, इतका श्रीमंत असून नखं खाणारा माणूस. मंचावर तुर्रेराव. शलाकानं ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"वस्तू, तुर्रेराव हत्तीचं डोकं. सर्वांत जुने सहा थर वाचले. आत असलेली व्यक्ती, रंगराव ज्ञानू गुरव. मेळ पुरा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खाली बसणार एवढ्यात सांगलीच्या शेठजींनी हात वर केला. कालचा घोडा त्यांच्या घशात अजून अडकला होता. "मॅडम, बाकीचे थर? आमच्या घोड्याचे तर तुमी पार लाकडापत्तुर वाचलेसा."

"ओळखीला तेवढे पुरेत," शलाका म्हणाली.

"आज यंत्र थकलं व्हय?"

लोक हसले. मिसाळ सरांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. पण अद्वैत उठून उभा राहिला होता आणि मांडव त्याच्यासाठी गप्प झाला.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला, आणि मग बराच बोलला. "मी सात वर्षांचा होतो. त्याच वर्षी माझी आई गेली होती. काका मला इथे घेऊन आले आणि गर्दीत माझा हात सुटला. मी आरशांच्या महालामागे बसून रडत होतो. तुर्रेराव आला. बोलला नाही, तुम्हाला माहीतच आहे, तो बोलायचा नाही. त्यानं कान माझ्या डोक्यावर घेतला आणि गुणगुणत राहिला. काका सापडेपर्यंत त्यानं मला खाली ठेवलं नाही. आई गेल्यानंतर मला पहिल्यांदा कुणी तसं जवळ घेतलं होतं. हे सगळं सामान मी घेतोय ना, ते खरं म्हणजे तेवढ्यासाठीच. मला फक्त त्या माणसाला नमस्कार करायचाय."

तो आप्पांसमोर आला आणि पायांवर डोकं ठेवायला वाकला.

आप्पांनी पाय मागे घेतले.

अद्वैतला वाटलं, म्हाताऱ्याला संकोच झाला. तो पुन्हा वाकला. आप्पांनी पाय पार खुर्चीखाली ओढून घेतले आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं. "नको," ते म्हणाले. "तो नमस्कार माझा न्हवं."

"म्हणजे?"

आप्पा कष्टानं उठले. मंचाकडे वळले. फेटा जरासा कलला होता. "शलाका, अर्ध्यात का थांबलीस? पुढचं वाच की."

"आप्पा, तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणालो. माझं चुकलं. वाच."

शलाकानं ध्वनिक्षेपक पुन्हा तोंडाशी नेला. यंत्राकडे बघायची गरज नव्हती, तिला सगळं पाठ होतं.

"सातव्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत," ती म्हणाली, "आतली व्यक्ती, मालन रंगराव गुरव. वाचकाशी निम्मा मेळ." मग कंपनीच्या रिवाजात नसलेले शब्द तिच्या तोंडून निघाले. "ती माझी आई. मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

कुणी टाळी वाजवली नाही. अद्वैत तुर्रेरावाकडे वळला. "त्या आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"जाऊन नऊ वर्षं झाली," आप्पा म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग मंचासमोर गेला आणि लहान पोरं गडाच्या दारात करत तसा, कमरेत वाकून, हात जमिनीपर्यंत नेऊन त्यानं त्या रिकाम्या डोक्याला मुजरा केला. मागून शेठजी कुणाशी तरी पुटपुटले, "आमच्या पोरांनाबी मग हिनंच मुजरा केला म्हणायचा." त्यांच्या आवाजात कालचा ठसका राहिला नव्हता.

बोली झाली ती नावापुरती. अद्वैतनं एकदाच हात वर केला, दुसऱ्या कुणी केलाच नाही.

मांडव रिकामा झाल्यावर हमाल पेटी घेऊन आले. तुर्रेरावाला पेंढ्यात बसवायचं होतं. शलाका टेबलाशी उभी होती आणि आप्पा खुर्चीत, फेटा काढून गुडघ्यावर ठेवलेला. शलाकानं हातमोजे काढले. तोंडावरची जाळी सोडली. आणि वाचकानं जे स्वप्नातही करायचं नसतं ते केलं, दोन्ही हातांनी डोकं उचललं आणि आपल्या डोक्यावर चढवलं.

"अगं, काय करतेस!" मिसाळ सर धावले. "संसर्ग होईल! सगळे थर नासतील!"

"थर नासत नाहीत, एक वाढतो," अद्वैत म्हणाला. "वस्तू माझी आहे ना? मग राहू द्या. पेटीत घालताना पुसू नका. दसऱ्याला वरून चंद्रूसचा हात देईन मी."

आत अंधार होता. चंद्रूसचा, हळदीचा, जुन्या कागदाचा वास होता. कपाळ पुढे टेकलं तेव्हा ते त्या खळग्यात असं नीट बसलं, की शलाकाला हुंदका आवरेना. भाकरी थापणारी ती पाठ तिला दिसली. व्हय बाई, तुझा आप्पा लई मायाळू. आई, मी तुला कितीदा मिठी मारली आणि एकदाही ती तुला म्हणून मारली नाही, असं ती मोठ्यानं म्हणाली, पण लगदा जाड होता, बाहेर काही ऐकू गेलं नाही.

सोंडेखालच्या जाळीतून तिला आप्पा दिसले. खुर्चीत अंग चोरून बसले होते. पूर्वी पलंगाखाली जाणारी ती एक होती, आता आप्पांची तशी अवस्था झाली होती. त्यांना आयुष्यात तुर्रेरावानं कधी जवळ घेतलं नव्हतं. कसं घेणार? सुरुवातीला ते स्वतः आत होते आणि नंतर बंद खोलीत शिवत होते.

ती चाचपडत त्यांच्यापर्यंत गेली. वाकली. सोंड त्यांच्या गळ्यात टाकली, सुपाएवढा कान त्यांच्या टकलावरून ओढून घेतला आणि नाकातल्या नाकात तेच गुणगुणायला लागली. ते तिला येतं हे तिलाही माहीत नव्हतं.

"मालन," आप्पा कानाखालून म्हणाले, आणि तिनं गुणगुणणं थांबवलं नाही.